मदत हवी आहे: गुलाबी भिंतीपुढे गुलाब, मधल्या चार फुटांत काय लावू?

नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यातल्या एका गावात राहते. घराच्या पूर्वेला, भिंतीपासून चार फूट सोडून गुलाबाची सात झाडं आहेत. दोन गावठी, पाच कलमी. तीन वर्षांची झाली, छातीएवढी वाढलीत आणि फुलतातही. पण दिसत नाहीत! मागच्या दिवाळीत मामाजींनी हौसेनं घराला गुलाबी रंग दिला. रस्त्यावरून पाहिलं की नुसती काटेरी काडकं दिसतात, फुलं भिंतीत विरघळून जातात. त्यात खालच्या दोन फुटांत ओल चढून पोपडे निघालेत आणि न्हाणीचा पाइपही तिथूनच उतरतो. रंग बदलायचा विषय घरात काढता येत नाही. म्हणून गुलाबांच्या मागे बारमाही हिरवी राहतील अशी झुडपं लावायची आहेत.

माती काळी. पावसाळ्यात चपलेला किलोभर चिकटते आणि आता नवतप्यात पंजा जाईल एवढ्या भेगा. पारा ४५ च्या आसपास, नळ एक दिवसाआड. त्याच भिंतीच्या खिडकीला कुलर बसतो, त्यामुळे समोर दाट झाडी नको. कुंपण पऱ्हाट्यांचं, म्हणजे बकऱ्यांना आमंत्रणच. आणि घरात दीड वर्षाचा मुलगा आहे, हाती येईल ते तोंडात घालतो.

दोन वर्षांपूर्वी तिथेच जास्वंद लावली होती. पाऊसभर मस्त होती. उन्हाळ्यात शेंड्यांवर कापसासारखं पांढरं दिसायला लागलं, मागोमाग मुंग्यांची रांग. पिठ्या ढेकूण. निंबोळी तेल फवारलं, पण अर्धवट, खरं सांगते. एक दिवस तेच पांढरं गुलाबाच्या काडीवर, अगदी डोळ्याच्या बेचक्यात दिसलं, तेव्हा संध्याकाळच्या आत जास्वंद उपटून जाळली.

डोक्यात तगर, कुंती, कण्हेर आणि मेंदी आहे. माझं मन कुंतीवर. बारीक चकचकीत पानं, वास तर काय! मृगाच्या आधी ठरवायचं आहे. काय लावू?

प्रतिसाद
ताई, कण्हेर लावून टाका ना जी. पाणी नाही मागत, ऊन नाही पाहत, बकरी तोंड नाही लावत. आमच्या धुऱ्यावर पंधरा वर्षापासून उभी हाये, कोणी तांब्याभर पाणी नाही घातलं.

धागाकर्ती
दादा, बकरी तोंड लावत नाही, पण माझा मुलगा लावेल. कण्हेरीचं पान, फूल, मूळ, सगळंच विषारी.

प्रतिसाद
हाव जी, लेकराचं ध्यानातच नाही आलं. मंग राहू द्या.

प्रतिसाद
वरूड म्हणालात म्हणून विचारतो, जवळ संत्र्याची बाग आहे का?

धागाकर्ती
घरामागेच आमचं वावर. संत्राच आहे.

प्रतिसाद
मग कुंती नको. कुंती संत्र्याच्याच कुळातली. सिट्रस सायला नावाची बारीक कीड तिच्या कोवळ्या फुटीवर मजेत वाढते आणि तिथून बागेत जाते. ती कोवळ्या शेंड्यातला रस शोषते हे एक, आणि ग्रीनिंग रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते हे त्याहून वाईट. झुडूप आकारात ठेवायला तुम्ही वारंवार कापणार, कापलं की नवी फूट, म्हणजे किडीला बारमाही पंगत. शहरात लावा, फ्लॅटच्या गेटवर लावा. संत्र्याच्या बांधाला नको. नर्सरीवाले हे सांगत नाहीत, कारण कुंती विकली जाते.

धागाकर्ती
बाप रे. आणि माझा कढीपत्ता? तोही त्याच कुळातला ना?

प्रतिसाद
त्याच कुळातला. पण एकच झाड असेल तर लगेच कुऱ्हाड आणू नका. नवी पालवी आली की शेंडे उलटून पाहत जा. पिवळसर पिल्लं आणि पांढऱ्या दोऱ्यासारखा स्राव दिसला की तो शेंडा खुडून जाळायचा. तसाही कढीपत्ता खुडायचाच असतो.

प्रतिसाद
मी तगर म्हणेन. गडद हिरवं पान, वर्षभर टिकतं, कात्री चालते. बाजू पूर्वेची म्हणजे सकाळचं ऊन, दुपारनंतर घराची सावली. तगरीला तेवढं पुरतं. आणि झुडपं भिंतीच्या बाजूला, ऊन समोरून, त्यामुळे गुलाबाचं ऊन अडत नाही. चीक मात्र तगरीलाही असतो, मुलाला तोंडात घालू देऊ नका.

खरी अडचण चार फुटांची आहे. भिंतीपासून दोन फुटांवर तगर लावली तर गुलाबापासूनही दोनच फूट. दोन पावसाळ्यांत फांद्या एकमेकांत घुसतील, हवा खेळणार नाही, गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके येतील. म्हणून सध्या तगरच लावा, आणि ऑक्टोबरात छाटणी कराल तेव्हा गुलाब मातीच्या गड्ड्यासकट दीड फूट पुढे सरकवा. पावसात हलवू नका, काळ्या चिखलात गड्डा सुटतो.

पाणी झुडपाच्या गुलाबाकडच्या बाजूला द्या, भिंतीकडे नाही. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, पायाशी हा खेळ चालला तर भिंतीला तडे जातात. ते पोपडेही आधी तपासा. न्हाणीचा पाइप झिरपत असेल तर तगर लावून ओल झाकेल, थांबणार नाही.

कुलरसमोर काहीच लावू नका, ती जागा कुलरच झाकतो. आणि त्याच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालू नका. पाणी उडून जातं, क्षार तळाशी राहतात.

मेंदी काटक आहे, पण आपल्याकडे ती कुंपणालाच शोभते. बकऱ्यांसाठी कुंपणाच्या कोपऱ्यात दोन अडुळसे लावा, त्याला त्या तोंड लावत नाहीत. तगरीला पहिलं वर्ष बाभळीच्या फांद्यांचा वेढा.

धागाकर्ती
पाइप आज पाहिला, सांध्यातून थेंब थेंब गळतोय. प्लंबर सोमवारी येतो म्हणाला, कोणता सोमवार ते बोलला नाही. तगर मावशीकडे आहे. फांद्या आणू की रोपं विकत घेऊ?

प्रतिसाद
फांद्याच. करंगळीएवढ्या जाड, वीतभर लांब, पहिला चांगला पाऊस झाला की. आधी पिशवीत वाळूमिश्रित मातीत लावा, चीक वाळू द्या मग खोचा. चार हव्या असतील तर दहा लावा.

धागाकर्ती
ठरलं, तगर. मामाजींना सांगितलं तर खूश झाले. म्हणाले, गुलाबी भिंतीवर पांढरी फुलं काय उठून दिसतील!