दुधात कच्चं अंडं: चालतं की नाही?

शीतकपाट:
थंडी पडली की दुधात अंडं फोडून पिण्याचा विषय निघतोच. माझं मत आधीच सांगून टाकतो: नाक्यावरच्या दुकानातलं अंडं न शिजवता पिऊ नये. लोक टरफलावरच्या घाणीला घाबरून अंडं धुऊन घेतात, पण खरी अडचण आत आहे. साल्मोनेला एन्टरिटिडिस हा जंतू कोंबडीच्या अंडाशयात ठाण मांडतो, म्हणजे टरफल चढायच्या आधीच तो अंड्यात गेलेला असतो. कोंबडी धडधाकट, अंड्याला वास नाही, बलक टम्म. पाण्यात बुडवून पाहिलं तर फक्त वय कळतं. तळाशी आडवं बसलं म्हणजे ताजं, निर्धोक असं नाही.

धुण्यानं तर कधीकधी उलटंच होतं. टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि वरून एक पातळ नैसर्गिक लेप असतो. लेप निघून गेला आणि पाणी अंड्याहून गार असलं, की आतला ऐवज आकसतो आणि बाहेरचं पाणी घाणीसकट आत ओढलं जातं.

वस्ताद_नाही:
जंतूचं बरोबर, पण भीती जरा जास्त होतेय. अमेरिकेतला जुना, नेहमी सांगितला जाणारा अंदाज 20,000 अंड्यांत एकात हा जंतू, असा आहे. त्या एकातही सुरुवातीला जंतू मोजकेच असतात. पांढऱ्या बलकात लायसोझाइम हे जंतूंना मारक प्रथिन असतं, शिवाय लोह धरून ठेवणारं प्रथिन असतं, त्यामुळे जंतूंना तिथे उपासच घडतो. 20 अंशांच्या आसपास साधारण तीन आठवडे त्यांची फारशी वाढ होत नाही. मग पिवळ्याभोवतीचा पडदा सैल पडतो, अन्न पाझरतं आणि खरी वाढ सुरू होते. ताजं अंडं फ्रिजमध्ये ठेवलं, फोडल्याबरोबर प्यायलं, तर तरण्याताठ्या माणसाला काय होणार? जपानात गरम भातावर कच्चं अंडं रोज खातात. ब्रिटनच्या अन्न खात्यानं ऑक्टोबर 2017 मध्ये सिंहाचा शिक्का असलेली अंडी गरोदर बायकांनाही कच्ची चालतील असं सांगितलं.

शीतकपाट:
त्या शिक्क्यामागे काय आहे तेही सांगा ना. कोंबड्यांना लस, अंड्यावर तारीख आणि फार्मचा क्रमांक, कळपांची तपासणी. जपानी पाकिटावरची मुदतसुद्धा कच्चं खाण्यासाठीच धरलेली असते. ती उलटली की शिजवून खा म्हणतात. आपल्याकडे 30चा ट्रे मे महिन्यात दुकानाबाहेर उन्हात असतो, अंडं कधी घातलं ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. तुमचे तीन आठवडे 20 अंशांचे. 35 अंशांना ते हिशेब लागू नाहीत.

आणि 20,000 हा आकडा एका अंड्याचा आहे. रोज दोन म्हणजे वर्षाला 730. तोच आकडा धरला तरी 27-28 माणसांत एकाच्या ग्लासात वर्षभरात एकदा तरी तसं अंडं येणारच. आपल्याकडचा आकडा तितकाच चांगला असेल, हे गृहीत धरायला मी तयार नाही.

परसातली_कोंबडी:
म्हणून तर गावरान अंडी घ्यावीत.

शीतकपाट:
चवीला घ्या. उकिरड्यावर चरणाऱ्या, लस न टोचलेल्या कोंबडीचं अंडं कच्चं पिण्यासाठी जास्त सुरक्षित कसं ठरतं?

हळद_दूध:
पण गरम दुधात घातलं की अंडं शिजतंच की. एवढा वाद कशाला?

तापमापी:
इथे हिशेब करूनच बघा. 200 मिली दूध उकळून लगेच, म्हणजे 95 अंशांना, स्टीलच्या ग्लासात ओतलं आणि त्यात खोलीच्या तापमानाचं 50 ग्रॅमचं अंडं घातलं, तर मिश्रण साधारण 80 अंशांवर येतं. तेवढं पुरेसं आहे. पण कुणी असं पीत नाही! दूध आधी निवतं, तोंडाला सोसेल इतकं, म्हणजे 60-65 अंश. त्यात अंडं घातलं की सगळं 58च्या आसपास. अंडं फ्रिजमधलं असेल तर आणखी खाली. क्षणभर 58 अंशांनी जंतू मरत नाहीत. दूध आणि अंडं एकत्र असेल तर 71 अंश गाठायचे, तिथे थांबायची गरज नाही.

उकळत्यात थेट घातलं तर पांढऱ्याचे धागे होतात आणि लोक वैतागून निवलेल्या दुधाकडे वळतात. त्याऐवजी अंडं दोन चमचे साखर घालून आधी फेटा (साखरेमुळे गुठळ्या उशिरा धरतात), गरम दूध बारीक धारेनं घालत हलवा, सगळं परत पातेल्यात मंद आचेवर. लाकडी चमच्याच्या पाठीवर थर बसला आणि बोट फिरवल्यावर रेघ मिटली नाही की उतरवा. 82-85च्या पुढे गेलं की फाटतं.

सर्दी_स्पेशल:
ब्रँडी घातली तर? आमच्याकडे खोकल्याला तेच देतात.

तापमापी:
30 मिली ब्रँडी, 42.8 टक्क्यांची. ती 200 मिली दूध आणि एका अंड्यात मिसळली की दारू उरते साडेचार टक्के. बिअरइतकी. त्यानं साल्मोनेला मरत नाही, मिरपूड-हळदीनंही नाही.

वस्ताद_नाही:
बरं, जंतू बाजूला ठेवू. पण शिजवलं की ताकद जाते, म्हणून तालमीत कच्चंच पितात.

प्रथिनवाली:
हे तर साफ उलटं आहे. 1998 साली बेल्जियममध्ये लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढलेल्या पाच रुग्णांवर मोजलं गेलं: शिजवलेल्या अंड्याचं प्रथिन सुमारे 91 टक्के पचलं, कच्च्याचं 51. कच्च्यात ट्रिप्सिनला (प्रथिन पचवणाऱ्या पाचकरसाला) अडवणारं प्रथिन असतं, ते उष्णतेनं निकामी होतं. शिवाय पांढऱ्यातलं अॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवतं. एखाद्या ग्लासानं काही बिघडत नाही, पण महिनोन् महिने रोज बरीच अंडी कच्ची प्यायली तर बायोटिन कमी पडू शकतं.

प्रामाणिकपणे तुमच्या बाजूचंही सांगते. 2022 मध्ये नेदरलँड्समध्ये व्यायामानंतर पाच कच्ची आणि पाच उकडलेली अंडी देऊन तुलना झाली. रक्तात अमिनो आम्लं उकडलेल्यानं जास्त चढली, पण स्नायूंत प्रथिन बांधण्याचा वेग दोन्हींत सारखाच. म्हणजे कच्च्यानं तोटा फार नाही, पण फायदाही दिसला नाही. मग धोका कशासाठी पत्करायचा?

वस्ताद_नाही:
वेळ वाचतो, भांडं लागत नाही. तरुण माणसानं घरच्या फ्रिजमधलं अंडं फोडून लगेच प्यायलं तर मी त्याला अडवणार नाही. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस, मधुमेही, स्टिरॉइडवरचा रुग्ण यांच्यापुढे मात्र तो ग्लास ठेवणार नाही. आणि दुकानातलं किंवा जिममधलं शेक असेल तर मी शीतकपाट यांच्या बाजूचा. तिथे सकाळी वीस अंडी एका जगमध्ये फोडून ठेवतात. एक बिघडलेलं असेल तर वीसच्या वीस गेली. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळनं जानेवारी 2023 मध्ये, तेलंगणानं ऑक्टोबर 2024 मध्ये आणि तमिळनाडूनं एप्रिल 2025 मध्ये बंदी घातली, ती उगाच नाही.

शीतकपाट:
मिक्सरच्या भांड्याचंही बघा. पात्याखालच्या रबरी वायसरमध्ये अंडं साचतं आणि दिवसभर तिथेच राहतं. आधी गार पाण्यानं धुवा, कारण गरम पाण्यानं अंडं चिकटून बसतं. मग गरम पाणी आणि साबणाचे दोन थेंब घालून अर्धा मिनिट फिरवा, वायसर काढून घासा, भांडं पालथं वाळवा.

हळद_दूध:
आणि गार शेकच हवा असेल तर? 71 अंशांचं कोण थांबणार?

प्रथिनवाली:
अंडं बारा मिनिटं उकडून गार करा. 200 मिली दूध, अर्धं केळं आणि सोललेलं अंडं मिक्सरमध्ये पूर्ण एक मिनिट फिरवा. कमी फिरवलं तर पिवळं कणीदार लागतं. बारा मिनिटांहून फार जास्त उकडू नका; पिवळ्याभोवती हिरवट कडा आली की शेकला गंधकाचा वास येतो, केळंही तो झाकत नाही.