मदत हवी आहे : कॉलनीच्या सभागृहाच्या आराखड्यावर आत्ताच पैसे घालावेत का? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये नंदिनी नदीपासून जवळच आमची कॉलनी आहे. ले-आउटची मोकळी जागा साधारण १,२०० चौरस मीटर. सध्या तिथे गाजरगवत आणि एक मोडकी घसरगुंडी. तिथे सगळ्यांसाठी सभागृह बांधायचं कित्येक वर्षं घाटत होतं, ते आता सर्वसाधारण सभेत येतंय. मोजणी, माती परीक्षण, नकाशे आणि अंदाजपत्रक मिळून आर्किटेक्टने दीड लाख सांगितलेत. मंडळाची ठेव सहा लाख, तीही वर्गणीतून साठलेली.

काहींचं म्हणणं, बांधायला पैसे कुठून आणणार ते आधी सांगा. बाकीचे म्हणतात, आमदार निधी मागायला गेलं की पहिल्यांदा अंदाजपत्रकच मागतात. मला आराखडा हवाच आहे. आमच्या गल्लीतल्या मुली अभ्यासिकेची फी भरून संध्याकाळी लांब जातात, अंधार पडल्यावर परततात. घराजवळ बसायला जागा मिळाली तर किती बरं होईल!

पण काही गोष्टींनी झोप उडवली आहे. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे अशा मोकळ्या जागेत १५ टक्केच बांधकाम करता येतं, त्यातलं तळमजल्यावर १० टक्के. म्हणजे आम्हाला खाली १२० आणि वर ६० चौरस मीटर. शिवाय वापर वाचनालय, व्यायामशाळा, योगवर्ग असा हवा. अर्ध्या कॉलनीच्या डोळ्यांसमोर मात्र साखरपुडे आणि बारशी आहेत! त्यात जागा निळ्या पूररेषेच्या, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेच्या आत निघाली तर सगळंच संपलं. सातबाऱ्यावर अजून मूळ जमीनमालकाचंच नाव आहे. आणि जमीन काळी. मे महिन्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगते. शेजारची कंपाउंडची भिंत त्यामुळेच कलली आहे, त्यामुळे माती परीक्षणात काटकसर नको असं माझं ठाम मत आहे.

म्हणून सभेत असं मांडायचा विचार आहे : आधी फक्त सातबारा, सरकारी मोजणी, पूररेषेची खात्री आणि माती परीक्षण. यात अडलं तर तिथेच थांबायचं. सगळं सुरळीत निघालं तरच नकाशे आणि अंदाजपत्रकाचे पैसे मंजूर करायचे.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा :

आर्किटेक्ट असं टप्प्याटप्प्याने काम घेतात का? करारात काय लिहून घेतलंत? मधेच थांबलो तर झालेले नकाशे आणि अहवाल मंडळाकडे राहतील ना? मूळ मालकाचं नाव असताना तुमच्या मंडळाला परवानगी मिळाली का, की आधी नाव बदलून घ्यावं लागलं? आणि बांधून झाल्यावर वीज, झाडलोट, रखवालदार यांचा खर्च कसा भागवता? आमच्या सभेत हा शेवटचा प्रश्न अजून कुणी काढलेलाच नाही.

कुणाकडे कराराचा नमुना असेल तर नावं खोडून इथे टाकलात तरी मोठी मदत होईल. सभा पुढच्या रविवारी आहे.