कॅसेटची बाजू संपली म्हणून अर्धवट राहिलेली गाणी (सत्तरच्या दशकातलं गुंगवणारं सायकेडेलिक आणि लांबलचक प्रोग रॉक) – तुमची कुठली?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो. १९८८ साली मी बेळगावात कॉलेजला होतो. तेव्हा कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी दिली की दुकानदार चार-आठ दिवसांत भरून द्यायचा, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी असं केलं असेल. मी साठ मिनिटांची कॅसेट दिलेली, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. बी बाजूला आधी दोन गाणी आणि शेवटी पिंक फ्लॉइड ह्या बँडचं 'एकोज'. आता हे गाणं साडेतेवीस मिनिटांचं, १९७१ च्या 'मेडल' अल्बमची अख्खी दुसरी बाजू म्हणजे हे एकच गाणं, ते उरलेल्या चौदा मिनिटांत मावणार कसं? बरोबर मधोमध, जिथं मागं वारं घोंघावत असतं आणि गिटारमधून कुणीतरी लांब समुद्रात ओरडल्यासारखा आवाज येतो, तिथं खट्. बटण वर.

मला खरंच वाटायचं की हे गाणं तिथंच संपतं. भीती वाटायची त्या शेवटाची, तरी रोज रात्री लावायचो. पुढं नोकरी लागली, उद्यमबागला फाउंड्रीत, लग्न झालं, प्लेअर बिघडला, कॅसेट माळ्यावर गेली ती गेलीच.

गेल्या महिन्यात मुलीनं स्वयंपाकघरात फोनवर काहीतरी लावलं होतं आणि पहिलाच 'टिंग' ऐकल्यावर मी हातातली भाजीची पिशवी तशीच धरून उभा राहिलो. तो आवाज म्हणजे पियानोचा एकच स्वर, फिरत्या स्पीकरमधून काढलेला, पाण्यात थेंब पडल्यासारखा. मग सगळं ओळखीचं आलं, ते वारं आलं, ते ओरडणं आलं, आणि माझी कॅसेट जिथं संपायची तिथं गाणं संपलं नाही! थोड्या वेळानं सगळं शांत होऊन तोच 'टिंग' परत आला. मग ऑर्गन, मग हळूहळू ड्रम, गिटार, सगळे एकेक करून परत आले आणि अगदी शेवटाकडं गायलाही लागले. इतकी वर्षं मी ज्याला शेवट समजत होतो तो निम्मा रस्ता होता. डोळ्यांत पाणी आलं, मुलगी विचाराय लागली बाबा काय झालं, काय सांगणार तिला.

तर विचारायचं हे की अशी पूर्ण ऐकल्याशिवाय कळतच नाहीत अशी त्या काळातली गाणी कुठली? नुसती यादी नको, तुम्ही ती कशी ऐकली तेही लिहा. वीस मिनिटांचं गाणं कोण ऐकतं असं ऑफिसात लोक म्हणतात, पण आपल्या मुलखाला हे सांगायला नको. सुळेभावी म्हणजे कुमार गंधर्वांचं जन्मगाव, इथून हाकेच्या अंतरावर. धारवाडला मन्सूरअण्णा, हुबळीला गंगूबाई. थांबून ऐकायची सवय आपल्याला घरातनंच आहे.

खानापूरचा

काका नमस्कार, वाचून अंगावर काटा आला बघा.

माझे वडील भाजीचा टेंपो घेऊन चोर्ला घाटानं म्हापशाला जायचे, बेळगावची भाजी गोव्याला जाते हे तुम्हाला माहीतच आहे. एकदा परतीला हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात कुठल्यातरी परदेशी माणसाकडनं दोन-चार कॅसेट घेऊन आले. त्यात एक होती कॅमल बँडची 'द स्नो गूज', १९७५ ची. त्या अल्बममध्ये गाण्याचे बोल असे नाहीतच, एका कथेवर बांधलेलं सगळं वाद्यांचं काम, एक तुकडा संपतोय तोवर त्यातूनच दुसरा सुरू. बासरी आहे, गिटार आहे, ऑर्गन आहे. वडिलांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, ते म्हणायचे ह्यात शब्दच नाहीत नव्हं, मग आपल्याला काय अडचण.

पावसाळ्यात पहाटे घाटात धुकं एवढं असायचं की समोरच्या गाडीचा फक्त लाल दिवा दिसायचा, मागं कोबी आणि मिरच्यांची पोती, वायपर चालू, आणि ती बासरी. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आता वडील नाहीत. मी अजून चोर्ल्यानं जाताना कणकुंबी सोडलं की तेच लावतो, दुसरं काही लावायला हात होत नाही. सगळा अल्बम सलग ऐका काका, मधनं उचलून ऐकू नका.

निपाणीची तबलजी

टिळकवाडीकर काका, मी तबला शिकले (अजून शिकतेच आहे), त्यामुळं माझा कान आधी मात्रांकडं जातो, म्हणून त्या बाजूनं सांगते.

फ्लॉइडचंच 'मनी' घ्या, १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' मधलं. सुरुवातीला नाणी, कागद फाटणं, गल्ल्याचं मशीन असे आवाज येतात ना, ते टेपचे सात तुकडे फुटपट्टीनं मोजून कापले आणि चिकटवून गोल फिरवलेत. गाणंही सातात आहे. मी पहिल्यांदा ऐकताना आपोआप मांडीवर रूपक हा सात मात्रांचा ताल धरला, तीं तीं ना धीं ना धीं ना, आकडा बसतो पण जीव बसत नाही. कारण आपल्या रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली (हलका ठोका) असते, आणि ह्यांचा पहिला ठोका जमिनीवर पाय आपटल्यासारखा. दोन दिवस मला ह्याचं कोडं पडलं होतं. मधल्या गिटारला ते सरळ चारात जातात आणि मग परत सातात येतात, ती परत यायची जागा चुकवू नका.

पण तुम्हाला जे पाहिजे ते माझ्या मते किंग क्रिम्सन बँडच्या 'स्टारलेस' मध्ये आहे. १९७४, 'रेड' अल्बमचं शेवटचं गाणं, बारा मिनिटं. सुरुवातीला एक फार उदास चाल, मागं मेलोट्रॉन. हे वाद्य कसं चालतं ते कळल्यावर मी वेडी झाले होते, प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो ज्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा किंवा कोरसचा स्वर आधीच रेकॉर्ड केलेला असतो, बोट दाबलं की टेप सरकते, आठेक सेकंदांत संपते, मग बोट उचलायचं, टेप मागं जाते, परत दाबायचं. म्हणजे काका तुमच्या कॅसेटसारखंच, प्रत्येक स्वराची बाजू संपते! म्हणून त्याचे व्हायोलिन श्वास घेतल्यासारखे वाटतात.

मग गाणं सगळं थांबतं आणि बास गिटार एक तुकडा सुरू करतो, तेरा मात्रांच्या हिशेबात. वर रॉबर्ट फ्रिप गिटारवर एकच स्वर धरून बसतो. एकच! किती वेळ! ड्रम बारीक बारीक भर घालत जातो, स्वर थोडा थोडा वर चढतो, आणि आपण खुर्चीच्या टोकाला आलेलो असतो. मग एकदम वेग, सगळं फुटतं, आणि त्या धुमश्चक्रीतनं ती सुरुवातीची उदास चाल वर येते. पहिल्या वेळी ती नुसती उदास होती, आता तिच्यात सगळं सोसून आलेलं असतं. माझ्या गुरुजींना हे ऐकवलं होतं, ते डोळे मिटून ऐकत होते आणि चाल परत आली तेव्हा मोठ्यानं 'आली' म्हणाले, आपण समेला म्हणतो तसं.

कॅम्पातला

येस नावाच्या बँडचं 'क्लोज टु द एज', १९७२. जवळजवळ एकोणीस मिनिटं. पक्ष्यांच्या आवाजानं सुरू होतं आणि मग जो गोंधळ सुरू होतो त्यात घाबरून बंद करू नका, मधे सगळं विरघळून जातं आणि चर्चमधला खरा मोठा पाइप ऑर्गन येतो. हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर त्यांच्या ख्रिस स्क्वायरचा बास गिटार अर्धा गायब होतो.

मिरजकर

मंडळी, माझं आजोळ मिरजेचं, घर सतारमेकर गल्लीच्या मागं. लहानपणी सुट्टीत तासन् तास तंबोऱ्याच्या दुकानात बसायचो. भोपळे वाळत टांगलेले असायचे, आणि आतले कारागीर जवारी लावायचे, म्हणजे घोडी घासत राहायची आणि तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढं, केसभर मागं. दोरा नेमक्या जागी आला की मेलेली तार एकदम भुंग्यासारखी बोलते. ते एकदा ऐकलं की माणूस आयुष्यभर तोच आवाज शोधत फिरतो.

मला तो आवाज अचानक सापडला बीटल्सच्या 'टुमॉरो नेव्हर नोज' मध्ये. १९६६ चं, 'रिव्हॉल्व्हर' अल्बमचं शेवटचं गाणं, तीनच मिनिटांचं पण सायकेडेलिकची सुरुवात बघायची तर इथंच. खाली तंबोरा धरलाय आणि त्यावर जवळजवळ पूर्ण गाणं एकाच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीवर) उभं आहे, भोवती टेपचे तुकडे फिरतात. आणि काका, पुढं जॉन लेननचा आवाज त्यांनी फिरत्या स्पीकरमधून काढलाय, तुमचा तो 'टिंग' काढला तीच युक्ती. त्याच अल्बमवर 'लव्ह यू टू' मध्ये तबल्यावर अनिल भागवत आहेत, कव्हरवर नाव छापलंय. तबलजी ताई, ते मुद्दाम ऐका.

कुणी म्हणेल ह्यांनी आपलंच उचललं. मला तसं वाटत नाही, ह्यांना तंबोऱ्याचं काय घ्यायचं ते कळलं होतं, की खाली एक स्वर न हलता उभा राहिला की वर कितीही लांब जाता येतं. आणि आपल्या-त्यांच्या संगीताची पुरी भेट बघायची असेल तर शक्ती हा बँड. गिटारवर जॉन मॅक्लाफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीरभाई आणि घटमवर विक्कू विनायकराम, पहिला अल्बम १९७६ चा, मैफिलीतच रेकॉर्ड झालेला. मॅक्लाफ्लिननं त्यासाठी गिटारच्या भोकावरून आडव्या जादा तारा बसवून घेतल्या, आपल्या सतारीच्या तरफा असतात तशा. त्याला प्रोग म्हणा, फ्यूजन म्हणा, मला फरक पडत नाही. झाकीरभाई गेले त्या रात्री मी तेच लावून बसलो होतो.

टिळकवाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री जेवणं झाल्यावर मी आणि मुलगी गच्चीवर बसून 'स्टारलेस' ऐकलं. तो एकच स्वर सुरू झाला तेव्हा ती म्हणाली बाबा हे अडकलंय काय, मी म्हटलं थांब गं जरा. चाल परत आली तेव्हा तिनं माझा हात धरला होता. ताई, तुमच्या गुरुजींना माझा नमस्कार सांगा.

खानापूरकर भावा, येत्या रविवारी आम्ही दोघं मुद्दाम चोर्ल्यापर्यंत गाडी काढणार आहे, पाऊस आहे तोवर. 'स्नो गूज' डाउनलोड करून ठेवलाय, घाटात रेंज जाते. कणकुंबीला चहाला थांबतो, तिथनंच लावतो.

आणि माळ्यावरची ती कॅसेट सापडली. चिठ्ठी अजून आत आहे, माझ्याच अक्षरात, 'एकोज' पुढं लिहिलंय 'पूर्ण घालणे'.