घरात डीलक्स रिव्हर्ब वाजवायचाय: ॲटेन्युएटर कोणता, किती डीबीचा?

तिसरा_मजला:
गिटार ॲम्प फेंडर '६५ डीलक्स रिव्हर्ब रीइश्यू. आवाज कमी करायला ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये ॲटेन्युएटर लावायचाय. २२ वॉट, ६व्ही६ पॉवर ट्यूबची जोडी, मूळचाच १२ इंची ८ ओहम स्पीकर. मास्टर व्हॉल्यूम नाही, इफेक्ट लूप नाही. व्हॉल्यूम सहाच्या आसपास नेला की पॉवर ट्यूब हवी तशी फाटते (डिस्टॉर्शन देते), पण तेवढ्या आवाजात खालचे आणि वरचे दोन्ही शेजारी दारात येतील. रेझिस्टिव्ह (नुसत्या रेझिस्टरचा) घ्यावा की रिॲक्टिव्ह (कॉइल-कपॅसिटरवाला)? किती डीबी पुरतील? ट्रान्सफॉर्मर उडण्याची भीती कितपत खरी? एक ६व्ही६ काढली की ॲम्प निम्म्या वॉटवर येतो म्हणतात, त्यात तथ्य आहे का?

ओहमराव:
शेवटचं आधी. एक ट्यूब काढू नका. ही पुश-पुल जोडी आहे, अर्धी लाट एक उचलते, अर्धी दुसरी. एकच ठेवली तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये डीसी एकाच बाजूने वाहतो, कोअर सॅच्युरेट होतो आणि आवाज घाणेरडा फाटतो. ट्यूबा काढायचा उपाय चार पॉवर ट्यूबवाल्या ॲम्पांचा, आणि तिथेही जोडीनेच.

आता हिशोब. वॉट निम्मे केले की फक्त ३ डीबी उतरतात, कानाला बेताचेच जाणवतात. १० डीबी कापले की वॉट दहाव्या हिश्शावर येतात आणि आवाज साधारण निम्मा वाटतो. १२ इंची गिटार स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ९८ डीबीच्या आसपास देतो, २२ वॉटला १११. दहा कापा, १०१. वीस कापा, ९१. घरातलं बोलणं साठीच्या आगेमागे असतं. म्हणजे वीस कापून स्पीकरला पाव वॉटही मिळत नसताना आवाज दार लावून दुपारी वाजवण्यापुरताच उतरतो. रात्रीसाठी तिशीच्या पुढे जावं लागेल.

पिकअप_सिलेक्टर:
आणि तिशीला काहीच मजा उरत नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. हळू आवाजात कान बास आणि ट्रेबल दोन्ही कमी ऐकतो. स्पीकरचा कागदी कोन जोरात हलला की स्वतः थोडा फाटतो, तेही जातं. दोष मात्र ॲटेन्युएटरच्या माथी.

या ॲम्पात आणखी एक गोम आहे. व्हायब्रॅटो चॅनलच्या व्हॉल्यूमवर ४७ पिकोफॅरडचा ब्राइट कपॅसिटर कायम जोडलेला असतो. व्हॉल्यूम तीनवर असताना तो ट्रेबल पुढे ढकलतो, सात-आठवर त्याचा परिणाम जवळपास संपतो. त्यामुळे ॲटेन्युएटर लावून व्हॉल्यूम चढवला की आवाज मंद वाटतो तो काही अंशी ॲम्पमुळेच. ट्रेबल एक-दीड घर वाढवा, बास दोन-तीनवर आणा, मग निकाल द्या.

ओहमराव:
खरं आहे, पण रेझिस्टरला इतक्या सहज सोडू नका. ८ ओहमचा स्पीकर सगळीकडे ८ ओहमचा नसतो. शंभर हर्ट्झच्या आसपास रेझोनन्सला तो पन्नासपर्यंतही जातो, वर ट्रेबलमध्ये पुन्हा चढतो. ट्यूब ॲम्प या चढउतारावर खेळतो, बोटाला जाणवणारी उसळी त्यातलीच. १० डीबीचा साधा एल-पॅड, म्हणजे दोन रेझिस्टरचा ॲटेन्युएटर, मध्ये आला की स्पीकर पन्नासवर गेला तरी ॲम्पला नऊ-साडेनऊच दिसतात. सगळं सपाट. रिॲक्टिव्ह लोडमध्ये कॉइल-कपॅसिटर लावून तो चढउतार परत आणलेला असतो. वेबर कंपनीच्या मास या ॲटेन्युएटरमध्ये तर कोन नसलेली स्पीकरची मोटरच बसवलेली असते.

माझं मत: ६ ते १० डीबीच हवे असतील तर रेझिस्टिव्ह चालेल. वीस हवे असतील तर रिॲक्टिव्हच घ्या. टू नोट्स कॅप्टर ८ हा ८ ओहम, १०० वॉटचा आहे आणि कपात ठरलेली, २० डीबी. मधली पायरी नाही, हे लक्षात ठेवून घ्या. रात्रीसाठी त्याच लोडचा लाइन आउट ऑडिओ इंटरफेसमध्ये आणि हेडफोन.

तिसरा_मजला:
दहापासून सुरुवात करतो. हाताने बनवता येईल का?

झाळकाम:
दोन रेझिस्टरचं काम आहे. ॲम्पच्या गरम (सिग्नलच्या, +) टोकापासून स्पीकरच्या गरम टोकापर्यंत सिरीजमध्ये ५.६ ओहम, आणि स्पीकरच्या दोन टोकांवर समांतर ३.९ ओहम. स्पीकरसकट ॲम्पला ८.२ ओहम दिसतात, कपात ९.९ डीबी.

वॉटेज इथे फसवतं. स्वच्छ २२ वॉटला ५.६ वर १५ वॉट पडतात, ३.९ वर पावणेपाच, स्पीकरला सव्वादोन. पण ॲम्प पूर्ण फाटला की लाट चौकोनी होते आणि हेच आकडे दुपटीकडे जातात. ५.६ ला १०० वॉट, ३.९ ला ५० वॉट, दोन्ही ॲल्युमिनियम हाउसिंगचे वायरवाउंड. त्यावर छापलेले वॉट हीटसिंकवर बसवल्यावरचे असतात, नुसते हवेत लटकवले तर निम्मेही धरू नका. जाड ॲल्युमिनियमचा डबा, थर्मल पेस्ट, भोकं खाली आणि वर दोन्हीकडे. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडे मिळेल. ५.६ नसेल तर १० आणि १२ समांतर लावा, ५.४५ होतात, चालतात.

फिरवायचा ८ ओहमचा एल-पॅड स्वस्त पडतो, पण त्याचा सरकता काटा गरम होऊन जळतो आणि लोड उघडा पडतो, म्हणजे ॲम्पला पुढे काही जोडलेलंच उरत नाही. ट्रान्सफॉर्मरची भीती खरी आहे ती इथेच. लोड सुटला की प्रायमरीवर हजारो व्होल्टचे झटके बसतात, ट्यूबच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते, वाइंडिंगचं इन्सुलेशन जातं. वरच्या स्थिर पॅडमध्ये स्पीकरची वायर निसटली तरी ॲम्पला साडेनऊ ओहम दिसत राहतात. मला तो आवडतो तो एवढ्यासाठीच.

तिसरा_मजला:
मागे दोन जॅक आहेत, स्पीकर आणि एक्स्टर्नल. डबा कुठल्याला लावू?

झाळकाम:
मुख्य स्पीकर जॅकलाच. कॉम्बोच्या स्पीकरची पिन त्यातून काढून डब्याच्या आउटला लावा. मुख्य जॅक रिकामा असला की आतून शॉर्ट होतो. नुसत्या एक्स्टर्नलला लावलंत तर आवाज येणार नाही आणि ॲम्प शॉर्टमध्ये चालत राहील. मुख्यमध्ये स्पीकर तसाच ठेवून एक्स्टर्नलला डबा लावला तर दोघे समांतर, लोड ४ ओहम, आणि आवाज कमी करायचा तो हेतूच बारगळला.

मधली वायर स्पीकरचीच, दोन जाड तारांची. गिटारची शील्डवाली केबल इथे नको, तिचा मधला तंतू बारीक असतो. जोडाजोड ॲम्प बंद करूनच. डबा कॉम्बोच्या आत ठेवू नका, ट्यूबा तिथेच उलट्या लटकतात आणि आधीच गरम असतं.

पिकअप_सिलेक्टर:
एक राहिलं. कानाला हळू वाटलं तरी ६व्ही६ पूर्ण ताकदीने जळत असतात, जोडी लवकर थकेल. अंधारात एकदा मागून बघा, प्लेट लाल दिसली तर लगेच बंद करून बायस (ट्यूबमधून स्थिर वाहणारा करंट) तपासून घ्या.

झाळकाम:
आणि सुरू करण्याआधी मल्टीमीटर. स्पीकर डब्याला लावून डब्याच्या इनवर मोजा. स्पीकरचा डीसी साडेसहाच्या आसपास असतो, त्यामुळे मीटरवर ८ च्या जवळ यायला हवं. साडेनऊ आलं तर स्पीकर लागलेला नाही. साडेपाच-सहा आलं तर आउटला कुठेतरी शॉर्ट आहे. काहीच आलं नाही तर ५.६ चा सोल्डरचा डाग सुटलाय, ॲम्पला हात लावू नका.