नेव्हला सभामंडप चालेल, पण चॅन्सलला गाभारा?

प्रश्न

इंग्लंडमधल्या सफकमध्ये साधारण १५००च्या सुमारास घडणाऱ्या एका कथेचा अनुवाद करते आहे. निम्मी कथा गावच्या चर्चमध्येच घडते. नेव्हला (लोक जमतात तो मुख्य भाग) सभामंडप, चॅन्सलला (वेदीकडचा भाग) गाभारा आणि आइलला 'बाकांमधली वाट' असे शब्द योजले आहेत. गाभारा वाचून एका जाणकारांनी नाक मुरडलं. या दोन भागांमधल्या रूड स्क्रीनसाठी 'क्रूसपडदा' यापलीकडे काही सुचत नाही. पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या परिसराला, काय म्हणावं हाही प्रश्न आहेच.

प्रतिसाद

सभामंडप बिनधास्त ठेवा. नेव्ह हा शब्द लॅटिनमधल्या जहाजावरून आला असं सांगतात, पण अनुवादात ते जहाज आणून काही साधणार नाही. नेव्ह ही गावकऱ्यांची जागा होती. लोक तिथे मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला जमत, आणि एरवीही जमत. चर्चच्या खर्चासाठी बिअर गाळून विकायची, त्या निमित्ताने खाणंपिणं करायचं, असे 'चर्च एल' नावाचे मेळे कधी आवारात तर कधी थेट नेव्हमध्ये भरत. कीर्तनापासून गावबैठकीपर्यंत सगळं सामावून घेणारा आपला सभामंडप इथे छान बसतो.

गाभाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. गाभारा म्हटलं की वाचकाला अंधार, समई आणि एकच बुटकं दार दिसतं. चॅन्सलमध्ये नेमकं उलटं असतं. वेदी पूर्वेला आणि तिच्यामागे बहुधा चर्चमधली सर्वांत मोठी खिडकी, रंगीत काचांची. सकाळचा उजेड तिथूनच येतो. तुमच्या कथेतलं एखादं पात्र पहाटे तिथे उभं असेल, तर 'गाभारा' या एका शब्दाने तो सगळा प्रकाश विझेल.

दुसरं कारण पैशाचं आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. चॅन्सलची डागडुजी रेक्टरकडे, म्हणजे पिकाचा दशमांश ज्याच्या घरात जातो त्याच्याकडे. नेव्हची जबाबदारी गावकऱ्यांकडे. रेक्टर कित्येकदा दूरचा एखादा मठच असे. तो गावात आपला व्हिकार, म्हणजे बदली पाद्री, नेमी आणि खर्चाला हात आखडता घेई. इमारतीत हे चक्क दिसतं. सफकमधल्याच लॅव्हनम गावचं चर्च घ्या. तिथलं चॅन्सल चौदाव्या शतकातलं, बेताचं. त्याला जोडलेला नेव्ह आणि १४१ फुटी मनोरा पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन सोळाव्याच्या पहिल्या चतुर्थांशात उभा राहिला, तो लोकरी कापडाच्या पैशावर. कापडवाला थॉमस स्प्रिंग १५२३ साली वारला, तेव्हा त्याने मृत्युपत्रात मनोऱ्यासाठी २०० पौंड ठेवले होते. त्याच्या घराण्याची चिन्हं आणि ऑक्सफर्डच्या अर्लचा तारा त्या मनोऱ्यावर कोरलेले आहेत. म्हणजे गाव श्रीमंत झालं आणि नेव्ह वाढला, चॅन्सल होतं तसंच राहिलं. गाभारा-सभामंडप या जोडीतून ही मालकीची रेघ वाचकापर्यंत पोचत नाही. ती रेघ अजून पुसलेलीही नाही: वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावी दशमांशाशी निगडित जुनी जमीन ज्यांच्याकडे आली, त्यांनीच चॅन्सलचा खर्च भरावा, असा निकाल २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला.

म्हणून माझं मत: पहिल्यांदा 'वेदीकडचा भाग, चॅन्सल' असं म्हणा आणि पुढे नुसतं चॅन्सल. मराठी वाचक तेवढं पचवतो.

प्रतिसाद

आइलबद्दल कोणी बोललं नाही. 'बाकांमधली वाट' हा आजच्या लग्नांच्या वर्णनांतून शिरलेला अर्थ आहे. जुन्या चर्चमध्ये आइल म्हणजे नेव्हच्या बाजूला, खांबांच्या कमानींपलीकडे काढलेला लांबट भाग, बहुतेकदा एकाच बाजूला उतरत्या छपराचा. कोकणातल्या घराला पडवी असते ना, रचना तीच. 'बाजूची पडवी' लिहिलंत तर चित्र लगेच उभं राहील. शिवाय आइलचं मूळ लॅटिनमधल्या 'पंख' या अर्थाच्या शब्दात आहे, आणि आपलं छपराचं 'पाखं'ही पक्षावरूनच आलं. दुपाखी, चौपाखी घर म्हणतो ते हेच. हा योगायोग आहे, पण मजेचा.

आणि बाकं! ती पंधराव्या शतकात सर्रास झाली. तुमच्या कथेत चालतील. पण कोणी १३००ची आठवण सांगत असेल, तर त्यात लोकांना उभंच ठेवा, किंवा भिंतीलगतच्या दगडी ओट्यावर बसवा.

प्रतिसाद

वसईकडून लिहितो. पॅरिशला आमच्याकडे 'धर्मग्राम' हा रुळलेला शब्द आहे, बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाला 'धर्मप्रांत'. वेदी, मिस्सा, क्रूस हेही रोजचेच. नवे शब्द घडवण्याआधी हे वापरा. १५००चं इंग्लंड कॅथलिकच होतं, त्यामुळे ते परकेही वाटणार नाहीत.

'क्रूसपडदा' नको. उपवासकाळात चॅन्सलमध्ये वेदीपुढे खरोखरच कापडाचा पडदा टांगत, त्यामुळे गोंधळ होईल. रूड स्क्रीन ही लाकडी कोरीव आडभिंत. खाली संतांची चित्रं रंगवलेल्या फळ्या, वर जाळी, त्यावर सज्जासारखा माळा, आणि सगळ्यांत वर मोठा क्रूस. चॅन्सल हा शब्दच मुळी 'जाळी' अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. 'क्रूसजाळी' म्हणून बघा. १५६१ साली एलिझाबेथ राणीच्या हुकमाने वरचे माळे काढायला लावले, खालच्या जाळ्या ठेवायच्या होत्या. म्हणून नॉरफकमधल्या रॅनवर्थसारख्या ठिकाणी रंगवलेल्या फळ्या अजून पाहता येतात. मराठीत ख्रिस्तपुराण रचणारे फादर स्टीफन्स मूळचे इंग्लंडमधल्या विल्टशरचे. हा हुकूम निघाला तेव्हा ते लहान असणार.

प्रश्नकर्ती

क्रूसजाळी आणि पडवी, दोन्ही घेतले. चॅन्सल तसंच ठेवते. आता एकच अडलंय: लिचगेट, म्हणजे चर्चच्या आवाराचं छपराचं दार. 'प्रेतद्वार' फार भयंकर वाटतं.

प्रतिसाद

भयंकर वाटतं, आणि चूकही नाही. 'लिच' म्हणजे जुन्या इंग्रजीत प्रेतच. पण त्या छपराखाली काय होई ते पाहा. खांदेकरी तिथे तिरडी टेकवत आणि पाद्री पुढे येईपर्यंत थांबत. आपल्याकडे अंत्ययात्रेत जिथे तिरडी खाली ठेवतात त्या जागेला विसावा म्हणतात. 'विसाव्याचं दार' लिहा.