१०० मीटर: साठ मीटरनंतर अंग आखडतंय, काय चुकतंय?

भरती_परभणी:
नमस्कार. पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर बसतंय, पण १०० मीटर १३.२ सेकंदांच्या खाली येईना. सुटतो चांगला. साठ मीटरच्या पुढं खांदे वर चढतात, मान आखडते आणि शेजारचे पुढं निघून जातात. जीव काढून लांब टांगा टाकतो, तरी तेच. मोबाईलवर शूटिंग काढलं तर कमरेतून वाकलेला दिसतो. मैदान नाही, गंगाखेड रोडच्या कडेला मुरमावर पळतो.

शिवारातला:
भाऊ, रोज आठ-दहा किलोमीटर पळ. दम वाढला की शंभर आपोआप निघतं. आपल्या बीडचा धावपटू अविनाश साबळे बघ.

मैदानावरचे_गुरुजी (अंबाजोगाई):
साबळेंचा मलाही अभिमान आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या पोरानं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं. पण त्यांची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची लांब शर्यत. शंभराला दम नाही रे कमी पडत, बाळा.

तुझी चूक त्या लांब टांगेत आहे. पाऊल कमरेच्या फार पुढं पडलं की दर पावलाला ब्रेक लागतो आणि मांडीच्या मागच्या स्नायूवर ताण येतो. मलाही "टांग लांब टाक" असंच शिकवलेलं. एका जिल्हा स्पर्धेत सत्तर मीटरवर तो स्नायू फाटला, अख्खा हंगाम घरी बसलो. म्हणून पोटतिडकीनं सांगतोय.

सुरुवातीला पुढं झुकायचं, पण तीसेक मीटरपर्यंत हळूहळू सरळ व्हायचं. कंबर उंच, नजर समोर. पाऊल जवळपास कमरेखालीच, चवड्यावर, जमिनीला जोरात लावून लगेच उचलायचं. टाच मागं उडवत बसू नको, ढुंगणाखालून घेऊन गुडघा पुढं काढ. हात खांद्यातून हलव, कोपर मागं मार, पंजा गालापासून कमरेपर्यंत. छातीपुढं आडवे गेले की धड फिरतं.

आणि शेजारचे शेवटी वेग वाढवत नाहीत. उसेन बोल्टनं २००९ ला बर्लिनमध्ये शंभराला ९.५८ सेकंद लावले, त्यातही सगळ्यात जास्त वेग साठ ते ऐंशी मीटरच्या मधे होता, मग त्याचाही उतरला. ज्याचा कमी उतरतो तो पुढं. तू तिथं जोर लावतोस, म्हणून आखडतोस.

पऱ्हाट्या (कापसाच्या वाळक्या काड्या) आडव्या ठेव, पहिल्या दोघींत पाच फुटांचं अंतर, मग ते वाढवत सहा फुटांपर्यंत. त्यांच्या मधे पाऊल टाकत पळ. टांग आपोआप आवरते.

धाव_लातूर:
गुरुजींचं हातांचं मनावर घे, दादा. मी चिमटीत वाळलेलं पान धरून पळायचे. पान चुरलं की समजायचं मूठ आवळली. मूठ सैल झाली तसा जबडा आणि खांदेही सुटले.

भरती_परभणी:
गुरुजी, धुऱ्यावर पऱ्हाट्यांचा ढीगच पडलाय. रोज करू का?

मैदानावरचे_गुरुजी (अंबाजोगाई):
रोज नको, आठवड्यातून दोनदा. अंग चांगलं तापवून घे. तीस मीटर वेग घ्यायला, मग वीस मीटर पूर्ण वेगात, असे चारच. मधे चार-पाच मिनिटं पूर्ण विसावा. मांडीत ओढ जाणवली तर त्या दिवशी तिथंच थांब. आणि शूटिंग बाजूनं काढ, पाऊल कुठं पडतंय ते दिसलं पाहिजे. इथं टाक, मी बघतो.