‘बालकासारखे व्हा’: घरसभेत हा पाठ कसा घ्यावा?

स्नेहलतागंज_घरसभा
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. इंदूरमध्ये आमची मराठी घरसभा शुक्रवारी संध्याकाळी भरते. रविवारची उपासना हिंदीत असते, म्हणून मराठीतून वचन उघडायला ही एकच जागा. पुढचा पाठ बायबलमधला मत्तय १८:१–५ आहे: येशू एका बालकाला शिष्यांमध्ये उभं करून ‘बालकासारखे व्हा’ म्हणतो. वेळ ४५ मिनिटं. आजी-आजोबा, नोकरदार, कॉलेजची मुलं आणि काही लहान मुलं असतात. अडचण अशी की या वचनावरची चर्चा ‘मुलं किती निष्पाप असतात’ इथेच थांबते. कुणी त्यातून ‘प्रश्न विचारू नका, नुसता विश्वास ठेवा’ असाही अर्थ काढतं, मग कॉलेजची मुलं गप्प बसतात. सुरुवात कुठून करावी? आठवडाभर करायला काय द्यावं?

रामबागचा_वाचक
निष्पापपणा पहिल्याच मिनिटाला बाजूला ठेवा. येशूने तो शब्दही काढलेला नाही. मुलं भांडतात, हिसकावतात, खोटं बोलतात, हे सभेतल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. निष्पापपणावर पाठ उभा केला की ऐकणारे मनातल्या मनात तो नाकारतात.

सुरुवात मत्तयापासून न करता मार्क ९:३३ पासून करा. कफर्णहूमच्या घरात येशू विचारतो, वाटेत कसली चर्चा चालली होती? शिष्य गप्प. कारण थोर कोण यावर वाद झाला होता. बालक मध्ये उभं केलं जातं ते या वादाला उत्तर म्हणून. त्या काळच्या घरात लहान मुलाला मान नव्हता, कमाई नव्हती, त्याच्या शब्दाला वजन नव्हतं. ‘मी अमुक केलंय, म्हणून मला अमुक जागा द्या’ असं म्हणायला त्याच्याकडे काही नसतं. येशू नेमकी हीच स्थिती दाखवतो. म्हणून मत्तय १८:४ मध्ये ‘स्वतःला नमवणं’ येतं, गोड किंवा भोळं होणं येत नाही.

मग लूक १८ उघडा आणि क्रम दाखवा. आधी परूशी (धर्माचे नियम काटेकोर पाळणारा) व जकातदार, म्हणजे कर वसूल करणारा (९–१४), मग बालकं (१५–१७), मग श्रीमंत अधिकारी (१८–२३). परूशी आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशांश देतो आणि हिशेब देवापुढे मांडतो. अधिकाऱ्याने आज्ञा लहानपणापासून पाळल्यात. दोघांचे हात भरलेले. मधल्या बालकांना तर कुणीतरी उचलून आणलंय. हे तीन भाग सलग वाचले की अर्थ सांगावा लागत नाही, लोकच बोलू लागतात. वाचनाला १२ मिनिटं, चर्चेला २०, उरलेला वेळ प्रार्थनेला.

इथे कुणीतरी ‘लहानपण देगा देवा’ म्हणणारच, आणि म्हणू द्या. मराठी मनाला तो दरवाजा उघडाच आहे. पण फरक नक्की सांगा. त्या अभंगात ऐरावताला अंकुशाचा मार बसतो, लहान राहिलेला वाचतो. लहान झाल्याने मार चुकेल असं येशू कुठेच सांगत नाही. फिलिप्पै २:८ मधली येशूची नम्रता वधस्तंभापर्यंत जाते.

पलासिया_अभ्यासगट
प्रश्नांच्या मुद्द्यावर १ करिंथ १४:२० जोरात वाचून घ्या. दुष्टपणाबाबत बालक व्हा, समजुतीबाबत प्रौढ व्हा, असं पौल स्पष्ट सांगतो. मरीया देवदूताला ‘हे कसं होईल?’ विचारते (लूक १:३४) आणि तिला उत्तर मिळतं. मार्क ९:२४ मधला आजारी मुलाचा बाप ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ असं ओरडतो. बालकासारखी प्रार्थना हवी असेल तर हीच घ्या. शंका लपवलेली नाही आणि मदत मागायची लाजही नाही.

लोकमान्यनगर_सेवक
ताई/दादा, मत्तय १८ च्या पाचव्या वचनावर थांबू नका. बिघाड तिथेच होतो. नम्रतेचा उपदेश बहुतेक वेळा वरचा खालच्याला करतो: सासू सुनेला, वडीलमंडळ तरुणांना. येशू उलट दिशेने बोलतो. तो बारा जणांना, म्हणजे पुढारी होणाऱ्यांना, हे ऐकवतो. पाचव्या वचनात बालकाला स्वीकारणं आहे, सहाव्यात लहानाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं असं म्हटलंय, दहाव्यात ‘तुच्छ मानू नका’ अशी ताकीद. अपराध झाला तर गप्प बसायला सांगितलेलं नाही. १५–१७ मध्ये क्रम दिलाय: आधी एकट्याने बोला, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. आणि लहान मुलाला इजा झाली असेल तर ‘आधी एकट्याने बोला’ हा नियम तिथे लावू नये. मुलाला ताबडतोब सुरक्षित करा, कायद्याने तक्रार करा. सहावं वचन त्याच बाजूने उभं आहे.

दुसरा बिघाड खोट्या नम्रतेचा. काम सांगितलं की ‘मी कुठला, मला काय येतं’. मोशेने हेच केलं आणि निर्गम ४:१४ मध्ये देव रागावला. बालक जमत नसेल तर हात पुढे करतं, काम टाळत नाही.

आठवड्यासाठी तीनच गोष्टी द्या, जास्त दिल्या की एकही होत नाही. स्तोत्र १३१ रोज सकाळी मोठ्याने वाचायचं. तीनच वचनं आहेत. घरात आपल्यापेक्षा लहान असलेल्या एकाची माफी मागायची, चूक नाव घेऊन, ‘पण तू सुद्धा’ न जोडता. आणि एक काम असं करायचं जे कुणाला कळणार नाही (मत्तय ६:३). पुढच्या शुक्रवारी या तिसऱ्याबद्दल साक्ष मागू नका, नाहीतर त्याचंच प्रदर्शन होतं.

सभेतही बदल हवा. पोहे वाढणं आणि कप धुणं याची पाळी लावा, त्यात पाळक आणि मंडळीचे वडीलही घ्या. पहिली रांग मोठ्या देणगीदारासाठी राखीव असेल तर याकोब २:२–४ वाचून ती मोडा. गुडघे दुखणाऱ्या आजींची खुर्ची मात्र राहू द्या.

स्नेहलतागंज_घरसभा
खूप आभार. एक राहिलं: पाठाच्या वेळी एखाद्या मुलाला मध्ये उभं करावं का?

रामबागचा_वाचक
नको. येशूने मुलाला कवेत घेतलं होतं (मार्क ९:३६). अनोळखी नजरांसमोर एकटं उभं केलेलं मूल बावरतं, आणि मोठे त्याच्याकडे कौतुकाने बघत वचन विसरतात. त्यापेक्षा मुलांना वाचायला द्या. शाळेत हिंदी असल्याने देवनागरी येते, पण बायबलच्या मराठीतली जोडाक्षरं अडतात, म्हणून मार्क १०:१३–१६ मधलं एकेक वचन बुधवारीच द्या. वाचताना कुणी अडखळलं तर मोठ्यांनी शब्द पुरवायचा नाही, थांबायचं. शेवटच्या प्रार्थनेत एक विनंती मुलांकडून घ्या आणि ती शब्द न बदलता प्रार्थनेत घाला, परीक्षेची असो की हरवलेल्या सायकलची.